मानाचे आसन आणि विसरलेला पट्टा

महामार्गावरील पथकर नाका जवळ आला, किंवा चौकात पांढऱ्या सदऱ्यातील वाहतूक पोलीस दृष्टीस पडला, की मोटारीत एकच लगबग उडते. चालकाचा हात खांद्यामागे जातो, सीट बेल्ट पुढे ओढला जातो आणि खटका लावण्याचीही तसदी न घेता तो मांडीवर नुसता धरून ठेवला जातो. नाका मागे पडला की पट्टा पुन्हा जागच्या जागी. दंडाची पावती वाचल्याचे समाधान चेहऱ्यावर झळकते आणि गाडी पुन्हा वेग घेते. ज्या वस्तूचे प्रयोजन छातीचा पिंजरा आणि मस्तक वाचवणे हे आहे, ती वस्तू आपल्या समाजाने पोलिसाला दाखवण्याचे प्रवेशपत्र करून टाकली आहे.

या मानसिकतेची किंमत किती, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात नोंदलेले आहे. २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी १६ हजार ७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता. त्यात चालक ८ हजार ३८४, तर प्रवासी ८ हजार ३३१ होते. या दोन आकड्यांतील साम्य विचार करायला लावणारे आहे. पट्टा ही केवळ चालकाची बाब आहे, हा समज घराघरांत रूढ आहे. मृत्यूने मात्र असा भेद केलेला दिसत नाही.

मागे बसणारे सुरक्षित असतात काय?

आपल्याकडे मोटारीतील मागचे आसन हे मानाचे आसन मानले जाते. घरातील वडीलधारी मंडळी, कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रमुख वक्ते, पाहुणे हे सारे मागे बसतात. कार्यकर्ता पुढे चालकाशेजारी बसतो. पुढच्यांनी नियम पाळावा, मागच्यांनी आरामात टेकून बसावे, असा एक अलिखित संकेत आहे. मागचे पट्टे बहुतेक मोटारींत आसनाच्या फटीत दडपलेले असतात, किंवा नव्या आच्छादनाखाली कायमचे गाडले गेलेले असतात.

या संकेताने महाराष्ट्राचे किती नुकसान केले, याची आठवण ३ जून २०१४ या तारखेशी जोडलेली आहे. केंद्रीय ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेऊन गोपीनाथ मुंडे यांना जेमतेम आठवडा झाला होता. त्या दिवशी भल्या सकाळी ते दिल्लीतील निवासस्थानाहून विमानतळाकडे निघाले होते. बीड जिल्हा आपल्या नेत्याच्या स्वागतासाठी सज्ज होता. वाटेतील चौकात दुसऱ्या मोटारीने त्यांच्या गाडीला धडक दिली. मुंडे मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. ऊसतोड कामगारांच्या व्यथा जाणणारा, तळागाळातून उभा राहिलेला नेता काही मिनिटांत काळाच्या पडद्याआड गेला. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री आणि स्वतः डॉक्टर असलेले हर्षवर्धन यांनी त्यानंतर जाहीरपणे सांगितले, की मागच्या आसनावरचा पट्टा शोभेपुरता असतो हा गैरसमज घातक आहे. पट्टा असता तर हा मृत्यू टळू शकला असता. त्यांच्यासाठी परळीत टाहो फोडणाऱ्या हजारोंपैकी किती जणांनी परतीच्या प्रवासात मागे बसून पट्टा लावला असेल, हा प्रश्न कटू असला तरी विचारलाच पाहिजे.

आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मोटार महागडी होती आणि सुरक्षेच्या साधनांनी सज्ज होती. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण जगले. मागे बसलेले दोघे दगावले. या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलीस तपासात निष्पन्न झाले. दोन घटना, दोन शहरांची माणसे, दोन भिन्न क्षेत्रे. पण आसन तेच आणि चूकही तीच.

मागच्या आसनासाठी कायदा नाही, असे अनेक सुशिक्षितही छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील १३८ व्या नियमानुसार, पुढच्या दिशेला तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील प्रवाशांनीही पट्टा लावणे बंधनकारक आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने दंडाची रक्कम १ हजार रुपये झाली आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य बालआसन यांविना नेणे हाही दंडनीय गुन्हा ठरला. कायदा पुरेसा आहे. उणीव आहे ती तो मनाने स्वीकारण्याची.

दहा मीटरचे पतन

सीट बेल्ट नेमके काय करतो, हे समजून घेतले तर त्याचा कंटाळा येणार नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, अर्थात तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, जमिनीवर कोसळणे होय. मोटार थांबते, पण तिच्यात बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला थांबवते ते सुकाणूचक्र, समोरची काच, नाहीतर पुढच्या आसनाची पाठ. मागे बसलेला सत्तर किलोचा माणूस अशा वेळी पुढे बसलेल्याच्या पाठीवर प्रचंड भाराने आदळतो. म्हणजे मागच्याने पट्टा न लावल्यास केवळ त्याचाच जीव धोक्यात येतो असे नाही. पट्टा लावून शहाणपणाने पुढे बसलेल्याचाही बळी जाऊ शकतो. ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद येथेच कोसळतो.

आज प्रचलित असलेला तीन बिंदूंचा पट्टा स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला. विशेष म्हणजे कंपनीने त्याचे स्वामित्वहक्क स्वतःपुरते राखून न ठेवता इतर उत्पादकांना तो मुक्तपणे वापरू दिला. लोककल्याणाची ही दृष्टी कोणत्याही देशातून आली तरी आदराने स्वीकारावी अशीच आहे. हा पट्टा धडकेचा आघात शरीरातील सर्वांत मजबूत हाडांवर, म्हणजे गळ्याजवळचे हाड, छातीचा पिंजरा आणि कमरेचे हाड यांवर वाटून टाकतो. म्हणूनच तो कसा लावला जातो, याला महत्त्व आहे.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नव्हे, तर ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. पोटावर असेल तर धडकेत यकृत, प्लीहा, आतडी यांना इजा होते. तिरका भाग खांद्याच्या मधोमध व छातीवरून गेला पाहिजे. मानेला टोचतो म्हणून तो काखेखालून घेण्याची सवय अनेक महिलांना आणि बुटक्या व्यक्तींना असते. ती अत्यंत घातक आहे. त्याऐवजी बाजूच्या खांबावरील पट्ट्याची उंची कमी-जास्त करावी, किंवा आसन वर घ्यावे. पट्ट्याला पीळ नसावा, सैलपणा नसावा. थंडीत अंगावर जाड शाल वा स्वेटर असेल, तर पट्टा त्याच्या आत, अंगालगत यावा. आसनाची पाठ मागे पाडून झोपणाऱ्या प्रवाशाच्या अंगावरचा पट्टा निरुपयोगी ठरतो, कारण धडकेत शरीर त्याखालून घसरून निघते. गर्भवती मातेनेही पट्टा लावावाच. फक्त खालचा पट्टा पोटाच्या उंचवट्याखालून आणि तिरका पट्टा त्याच्या वरच्या बाजूने यावा.

आईच्या मांडीवर बसलेले मूल सर्वांत सुरक्षित, ही भावना मातृत्वाला शोभणारी आहे. पण भौतिकशास्त्र भावनेला दाद देत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेत दहा किलोचे मूल क्षणभर शंभर-दीडशे किलोच्या भाराने पुढे ओढले जाते. तेवढा भार कोणत्याही मातेचे हात पेलू शकत नाहीत. मुलांसाठी वयाप्रमाणे बालआसन घ्यावे. घरातील विवाहात सजावटीवर होणाऱ्या खर्चाचा अल्पसा अंशही त्याला पुरतो.

मोटारीत एअरबॅग आहेत, मग पट्टा कशाला, असाही प्रश्न येतो. एअरबॅग ही पट्ट्याला पूरक म्हणून बनवलेली असते. ती पापणी लवण्याच्या आत प्रचंड वेगाने फुगते. पट्ट्याविना पुढे झेपावलेले शरीर ती फुगत असतानाच तिच्यावर आदळले, तर तिचाच आघात होतो.

दैववाद की कर्तव्य?

या सर्वांवर एक ठरलेले उत्तर आपल्या समाजात तयार असते: वेळ आली की कोणी वाचवू शकत नाही. हे वाक्य उच्चारताना आपण फार मोठे तत्त्वज्ञान सांगत आहोत, असा आविर्भाव असतो. वस्तुतः हिंदू विचारातील कर्मसिद्धांत हा हात जोडून बसायला सांगत नाही. शरीर हे धर्माचरणाचे साधन मानणारी ही परंपरा आहे. त्या साधनाची हेळसांड करणारा विरक्त ठरत नाही, बेजबाबदार ठरतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाला विज्ञाननिष्ठेचा आग्रहपूर्वक उपदेश केला. त्यांचे नाव घेणाऱ्या घरातील मोटारीला पुढे लिंबू-मिरची लटकलेली आणि मागचे पट्टे आसनाखाली गाडलेले असावेत, यासारखी विसंगती नाही.

विसंगतीचा कळस तर पुढेच आहे. पट्टा न लावल्यास मोटारीत घंटी वाजत राहते. ती बंद करण्यासाठी पट्ट्याच्या खाचेत अडकवायची एक खोटी चकती बाजारात आली आणि ती हातोहात खपली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा वस्तू हटवण्याचे आदेश दिले, तेव्हा १३ हजारांहून अधिक विक्रीनोंदी काढून टाकण्यात आल्या. सावध करणाऱ्या घंटेचा गळा दाबण्यासाठी पैसे मोजणारा ग्राहक अशिक्षित नव्हता. तो मोटार बाळगणारा, मुलांना चांगल्या शाळेत घालणारा मध्यमवर्गीयच होता. शिक्षणाने साक्षरता येते, शिस्त येतेच असे नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण कोणते?

स्टेपनी: वाटेतली परीक्षा

चालत्या मोटारीतील शिस्तीची ही कथा. थांबलेल्या मोटारीची कथाही वेगळी नाही. ‘स्टेपनी’ हा शब्द आज मराठीत इतका रुळला आहे, की तो वेल्समधील लनेथ्ली या गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढले आणि रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. इंग्लंडमध्ये तो शब्द विस्मृतीत गेला, भारतात टिकला. शब्द टिकला, पण स्टेपनीकडे लक्ष देण्याची सवय मात्र लागली नाही. मोटार घेतल्यापासून जिच्यात एकदाही हवा तपासलेली नाही, अशी स्टेपनी डिकीतील सामानाखाली सुखाने झोपलेली असते आणि कसारा घाटात किंवा जालन्यापुढच्या माळरानावर तिची आठवण होते.

चाक बदलणे हे अवघड काम नाही. पण ते कोठे आणि कसे करावे, यात जीवन-मरणाचे अंतर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर अंतर कापते. म्हणजे ५० मीटरवरून दिसलेल्या गाडीला चुकवण्यासाठी मागून येणाऱ्या चालकाजवळ दोन सेकंदही नसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग हे महाराष्ट्राच्या पुरुषार्थाचे अभिमानास्पद दर्शन आहेत. पण अशा मार्गांवर वाहतुकीच्या बाजूचे चाक बदलण्यासाठी रस्त्याकडे पाठ करून वाकणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. टायर बसल्याचे जाणवताच ब्रेक न दाबता वेग हळूहळू कमी करावा, इशारादर्शक चारही दिवे लावावेत आणि गाडी शक्य तितकी डावीकडे, वळणापासून दूर न्यावी. एक टायर फाटला तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे. सुरक्षित जागा नसेल, तर सर्वांनी डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आणि आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत.

जागा सुरक्षित आणि जमीन सपाट व कठीण असेल, तरच जॅक बाहेर काढावा. हातब्रेक ओढावा, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी आणि आतील सर्वांना उतरवावे. जे चाक बदलायचे त्याच्या तिरक्या, समोरच्या कोपऱ्यातील चाकाला पुढून-मागून दगड लावावा. परावर्तक त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर, वेगवान रस्त्यावर त्याहूनही दूर ठेवावा. नट प्रथम सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा एवढेच; गाडी उचलल्यावर पाना जोराने ओढला, तर चाक फिरते, गाडी हलते आणि जॅकवरून घसरते. जॅक लावण्याच्या जागा गाडीखाली खुणेने दाखवलेल्या असतात. दुसरीकडे लावल्यास पत्रा वाकतो आणि गाडी कोसळते. गाडी जॅकवर असताना हात, पाय वा डोके तिच्याखाली कोणत्याही कारणाने जाता कामा नये. निघालेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकते. नवे चाक बसवल्यावर नट आधी हाताने फिरवावेत, गाडी खाली आल्यावर पान्याने आवळावेत, तेही गोलाकार क्रमाने न आवळता एकाआड एक, समोरासमोरचे. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत. काही गाड्यांतील स्टेपनी मूळ चाकापेक्षा अरुंद असते. तिच्यावर छापलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, पाळलीच पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट, जी कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नसते. चाकाला लावलेले दगड आणि इशाऱ्यासाठी रस्त्यात टाकलेल्या झाडाच्या फांद्या आपले काम झाल्यावर बहुतेक जण तेथेच टाकून निघून जातात. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दगड दिसत नाही. स्वतःची सुटका झाली की मागच्याचा विचार संपतो. राष्ट्र, समाज, बंधुभाव या शब्दांची कसोटी व्यासपीठावर जितकी लागते, तितकीच ती तो दगड उचलून कडेला ठेवण्यातही लागते.

कार्यकर्त्याचा प्रवास

सामाजिक कामात प्रवास अपरिहार्य आहे. बैठका, अभ्यासवर्ग, संपर्क यांसाठी कार्यकर्ते वर्षभर रस्त्यावर असतात. पाच जणांच्या गाडीत सात जण दाटीने बसतात. पट्टे पाच आणि माणसे सात असल्याने शेवटी कोणीच पट्टा लावत नाही. रात्री उशिरा कार्यक्रम संपतो, सकाळी दुसऱ्या गावी बैठक असते आणि मुक्काम न करता गाडी निघते. अशा प्रवासातून अनेक संघटनांनी अनेक गुणी माणसे गमावली आहेत. श्रद्धांजली सभेत त्यांच्या त्यागाचे वर्णन होते आणि सभा संपल्यावर श्रोते त्याच पद्धतीने गाडीत बसून परततात. कार्यासाठी देह झिजवणे आणि निष्काळजीपणाने देह गमावणे यांतील भेद स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे.

खरी अडचण संकोचाची आहे. मागे बसलेल्या ज्येष्ठांना ‘पट्टा लावावा’ असे तरुण कार्यकर्त्याने कसे म्हणावे? वडिलांना मुलाने, गुरुजींना शिष्याने कसे सांगावे? आपल्या संस्कारात ज्येष्ठांचा आदर आहे, तो असायलाच हवा. पण त्यांचा जीव वाचवणे हा आदराचा भंग कसा? ज्येष्ठांनीच हा संकोच दूर करावा. गाडीत बसताक्षणी त्यांनी प्रथम स्वतःचा पट्टा लावला, तर कोणाला काही सांगावेच लागणार नाही. संघशताब्दीच्या निमित्ताने समाजासमोर मांडलेल्या पंचपरिवर्तनात नागरी कर्तव्याला स्थान मिळाले आहे आणि कुटुंब प्रबोधनालाही. सीट बेल्टचा खटका हा या दोन्हींचा सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपा प्रारंभ आहे.

खंडेनवमीला वा दसऱ्याला घरोघरी वाहनाची पूजा होते. झेंडूचे हार चढतात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ही सुंदर प्रथा चालूच राहावी. तिच्यासोबत त्या दिवशी स्टेपनीतील हवा तपासावी, जॅक आणि पाना बाहेर काढून घरातील मुलामुलींना चाक बदलून दाखवावे, आसनाच्या फटीत दडलेले पट्टे उकरून काढावेत आणि कुटुंबाने ठरवावे, की सर्वांचे खटके लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय चालक गाडी सुरू करणार नाही. शाखेवर बालपणी पहिली आज्ञा कानी पडते ती ‘दक्ष’ अशी. ती मैदानावर ज्यांनी पाळली, त्यांना ती महामार्गावर पाळणे अवघड जाऊ नये.